तात्पर्याचा तगादा

महाड-पोलादपूरकडच्या जमिनीत काय पिकते असे कुणी विचारले, तर आम्ही भात, नाचणी, वरी अशी चार नावे सांगतो आणि गप्प बसतो. कारण उरलेला संसार मुंबईच्या पगारावर चालत आला आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. पण एक पीक या दोन तालुक्यांत कधी बुडाले नाही. ते गोष्टींचे. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड, मधून सावित्री. इथल्या प्रत्येक खिंडीत काहीतरी घडलेले असते आणि ते सांगणारी एखादी म्हातारी प्रत्येक वाडीत असते. अशा मुलखातल्या दहा वर्षांच्या पोराला गोष्ट लिहायला सांगा. तो काय लिहितो? 'एका जंगलात एक सिंह राहत होता.' सिंह! आणि तोही सावित्रीच्या खोऱ्यात!

हा दोष पोराचा नव्हे. तो शाळेचा आहे, शिकवणीचा आहे आणि तितकाच घराचा आहे. मुलांना गोष्ट लिहायला शिकवण्याच्या नावाखाली आपण त्यांना गोष्ट न सांगण्याचे शिक्षण देतो, असे माझे स्वच्छ म्हणणे आहे. सणासुदीला कडू बोलू नये हे खरे. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चालही आपलीच आहे. हा लेख त्या कारिटाच्या खाती जमा धरावा.

पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. अगदी दहावीच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत ती मुलाची पाठ सोडत नाही. फळ्यावर मुद्दे पडतात: लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात, देवता प्रकट, सोन्याची कुऱ्हाड, नकार, बक्षीस. खाली आज्ञा: मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. मुलाने करायचे काय? मुद्द्यांमधल्या फटी 'होता', 'गेला', 'म्हणाला' या क्रियापदांनी लिंपायच्या. दुसऱ्याने रचलेल्या भिंतीच्या सांधी भरण्याला कुणी घर बांधणे म्हणत नाही. गोष्ट रचणाऱ्याला चार निर्णय घ्यावे लागतात: सुरुवात कुठून करायची, आधी काय सांगायचे, काय दडवून ठेवायचे आणि कुठे थांबायचे. हे चारही निर्णय फळ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात. शेवट ठाऊक, बोधही ठाऊक! मग लिहिणाऱ्याला उत्कंठा कसली, आणि वाचणाऱ्याला तरी कसली?

गंमत अशी की हेच मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी उत्तम गोष्ट ऐकून आलेले असते. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. शेणामेणाच्या घरांची ही गोष्ट महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'तही सापडते. म्हणजे मराठी गद्याच्या बाळपणापासून ती आपल्याबरोबर आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ ती कशाच्या बळावर टिकली? आजची आई ती सांगते ते ऐका. बाहेर पावसात भिजलेला काऊ दार वाजवतो आणि आतून चिऊ म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. प्रत्येक 'थांब'बरोबर ऐकणारे पोर आईला अधिक बिलगते. दार उघडेल का? हे जे दार उशिरा उघडणे, त्यातच कथा सांगण्याची निम्मी विद्या आली. आणि तात्पर्य? ते घरोघरी निराळे. कुणाला चिऊ शहाणी वाटते, कुणाला निष्ठुर. एखादे मूल तर काऊसाठी डोळ्यांत पाणी आणते. ते पाणी कुठल्याही तात्पर्याच्या ओळीत मावत नाही.

पोलादपूरचेच पाहा. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांचे चरित्र संस्कृतात गाणाऱ्या या कवीने आपल्या 'शिवभारता'ची मांडणी कशी केली? काशीचे पंडित विचारतात आणि परमानंद सांगतात. एवढ्या थोर विद्वानालाही समोर 'पुढे काय झाले?' असे विचारणारे कुणी असावेसे वाटले. शिवाय ते काव्य आपल्या हाती आले तेही अपुरे, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटलेले. तात्पर्य तर राहोच, शेवटदेखील नाही! म्हणून त्यातला अफझलखानाचा प्रसंग वाचताना कुणाचा श्वास कमी अडकतो काय? आमच्या परीक्षेत मात्र परमानंदांचे गुण खासच कापले गेले असते.

त्याच तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे. कोंढाण्याची लढाई १६७० सालची. पण लोक ती सांगू लागतात तेव्हा मुलाच्या लग्नघरापासून सांगतात. घरात लग्नाची धांदल आहे हे आधी कळले, म्हणून पुढचा कडा अंगावर येतो. नुसता 'स्वामिनिष्ठा' हा शब्द फळ्यावर लिहून कुणाच्या अंगावर काटा आला आहे?

आता महाडला येऊ. तहानेची एक गोष्ट सगळ्या शाळांतून शिकवली जाते: कावळा, मडके, खडे आणि तात्पर्य, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. महाडच्या तहानेची गोष्ट निराळी आहे. इथले चवदार तळे भरलेले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद झाले, पाणी होते तिथेच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मोठ्या जनसमुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, कज्जे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. इथे कावळ्याच्या युक्तीचे काय काम? मडके काठोकाठ भरलेले होते. चोच घालायचीच बंदी होती.

पण मला सांगायचे आहे ते बाबासाहेबांच्या लेखणीविषयी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा, आपल्या लहानपणचा एक प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीवर. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले. अंगावर नवे कपडे, डोक्याला झगमगती टोपी, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरतात तो न्यायला कुणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो. मुलांची जात कळताच मागे सरतो. गाडीवान मिळत नाही. शेवटी एक तयार होतो तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. रात्र पडते. शिदोरी भरलेली आहे, पण पाणी कुणी देत नाही. म्हणून मुले उपाशीच झोपतात.

यात अस्पृश्यता वाईट, हे वेगळे वाक्य ठोकावे लागत नाही. ते काम नव्या टोप्या करतात. भरलेली शिदोरी करते. आनंदाने निघालेल्या मुलांचा आनंद आपण आधी पाहिलेला असतो, म्हणून पुढची प्रत्येक नकारघंटा आपल्याला लागते. कुणाला तरी काहीतरी मनापासून हवे आहे आणि वाटेत काहीतरी आडवे येते आहे: गोष्टीचे बीज एवढेच. चौथीतल्या मुलाला हे एका दुपारी समजावता येते. आम्ही मात्र त्याला वर्षानुवर्षे तात्पर्याची ओळ समजावीत बसतो.

दुसरे उदाहरण याहून जवळचे, आणि ते लिहिताना हात जड होतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली; पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल रात्रीच्या अंधारात दोन एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला होता, आणि २००५ च्या जुलैत दासगाव-जुईच्या दरडी कोसळल्या होत्या. या मुलखातल्या लहान मुलालाही पाऊस म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

आणि आमच्या निबंधांच्या पुस्तकांत 'पूरग्रस्ताचे मनोगत' नावाचा एक तयार विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे! 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले', 'होत्याचे नव्हते झाले', 'अश्रूंना खळ राहिला नाही'. ज्याच्या घरात खरोखर पाणी शिरले, त्या महाडच्या मुलानेही हीच वाक्ये घोकायची आणि उतरवायची. स्वतःच्या घरचा पूर त्याने बाजारातून विकत आणायचा! भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, माळ्यावर काढलेली रात्र, भिजल्या तांदळाचा वास, उन्हात एकेक पान सुटे करून वाळवलेली वही, यांना पुस्तकात जागा नाही. म्हणून त्याच्या वहीतही नाही. गुण पडतात ते उसन्या अश्रूंना. यातून मूल एकच धडा घेते: आपल्यावर जे गुदरले ते लिहिण्याजोगे नव्हते. याहून मोठा अपमान शाळा मुलाचा दुसरा कोणता करणार?

यावर आक्षेप येतील. ते मी ऐकले आहेत.

पहिला आक्षेप संस्कारांचा. बोध नको म्हणता, मग मुले बिघडतील! असे म्हणणारी मंडळी साने गुरुजींचे नाव घेतात. जरूर घ्यावे. पोलादपूरचा घाट ओलांडला की खेड, तिथून दापोलीची वाट. पालगड आम्हांला परके नाही. पण 'श्यामची आई' वाचून आपल्या ध्यानात काय राहिले? न्हालेल्या श्यामचे ओले तळवे, आणि त्यांना माती लागू नये म्हणून आईने दगडावर पसरलेला लुगड्याचा ओचा. बोध तिथे आहेच. परंतु तो त्या घटकेला, त्या आईच्या तोंडी आला आहे. ओले पाय आधी, उपदेश मागून. आम्ही पाय पुसून टाकले आणि उपदेश तेवढा ठेवला.

दुसरा आक्षेप भाषेचा. खेड्यातल्या पोराला शुद्ध लिहिता येत नाही, त्याला मोकळे सोडून कसे चालेल? कातकरी वाडीवरून येणाऱ्या मुलीची घरची बोली पुस्तकी मराठीहून पार निराळी असते, हे खरे. पण तिने पहिले वाक्य लिहिताक्षणी तांबड्या शाईचा फराटा ओढला, तर दुसरे वाक्य येणार कुठून? ऱ्हस्वदीर्घ हवेतच; ते गोष्ट पुरी झाल्यावर बघावेत. शुद्धलेखन हा गोष्टीचा उंबरठा करू नये. ती मागची परसदारची झाडलोट आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यापुढे मी आवाज खाली आणतो. ज्या मुलांनी आपली माणसे गमावली, त्यांच्या जखमेवरची खपली कथालेखनाच्या तासाला काढायची काय? नाही, मुळीच नाही. 'मी पाहिलेली दरड' असा विषय फळ्यावर लिहिणारा शिक्षक आणि 'पूरग्रस्ताचे मनोगत' पाठ करून घेणारा शिक्षक, दोघेही एकाच माळेचे मणी. विषय मुलाचा असावा याचा अर्थच असा की न सांगण्याचा हक्कही मुलाचा असावा. तळियेच्या मुलाने हरवलेल्या बकरीची गोष्ट लिहिली, तर ती बकरीचीच म्हणून वाचावी. तीत आणखी काय आहे ते त्याचे त्याला कळेल, कदाचित वीस वर्षांनी.

मग करावे काय? फार थोडे. मुद्दे पुसावेत. आधी गोष्ट तोंडी सांगू द्यावी आणि वर्गाला ऐकू द्यावी. पोरे जिथे चुळबुळ करू लागतील तिथे सांगणारा पाल्हाळ लावतो आहे आणि जिथे गप्प होतील तिथे त्याची नस सापडली, हे त्याचे त्यालाच उमगते. मग लिहू द्यावी. 'खूप भीती वाटली' असे लिहिले, तर कानात विचारावे, 'तेव्हा हातात काय होते रे?' मुंबईहून शिमग्याला यायचे कबूल केलेला बाप आला नाही, एवढी गोष्ट पुरे आहे. शेवटच्या एस.टी.पर्यंत फाट्यावर थांबलेल्या पोराला त्यातला 'थांब' कुणी शिकवावा लागत नाही. आणि शेवटी तात्पर्याची ओळ कोरी ठेवण्याची मुभा द्यावी, गुण न कापता.

परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. घर बदलायला मंडळाचे परिपत्रक लागत नाही. या दिवसांत अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे आहेत. त्यांना कुणी मुद्दे दिले नव्हते. तरी बुरूज आहेत, चोरवाटा आहेत, आणि एखादा मावळा भलत्याच जागी, पार कड्याच्या टोकाला उभा आहे. फराळाची ताटे उचलून झाली की त्या किल्लेदाराजवळ जरा बसा आणि तो मावळा तिथे एकटा काय करतो आहे, एवढे विचारा. तो सांगू लागला की मध्ये शहाणपण सांगू नका. तो थांबला, तर फक्त 'मग?' म्हणा.