विजेची चोरी आणि वयाची चोरी

पुस्तकावरून काढलेल्या सिनेमाबद्दल पाहुण्यांशी वाद घालू नये, असं आमची ही म्हणते. खरं आहे तिचं. पण गेल्या रविवारी मेहुणे नुसतं "अहो, माध्यमच वेगळं!" एवढंच म्हणाले आणि त्यांचा चहा निवला तरी मी बोलतच होतो. हे वाक्य कुठल्याही पापावर पांघरूण घालायला बरं पडतं. उद्या हिने पुरणपोळीत बटाट्याची भाजी भरली आणि "माध्यम वेगळं" म्हणाली, तर मी खाईन का? (खाईन. पण ती गोष्ट निराळी.)

वाद होता पर्सी जॅक्सनवरून. रिक रायोर्डन यांची ही कादंबरी २००५ सालची. चोरीला गेलेल्या विजेची गोष्ट. तीत ग्रीकांचे देव अजून आहेत, फक्त बिऱ्हाड अमेरिकेत हलवलंय. ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर! इमारत खरी १०२ मजल्यांची. पण वरचे मजले अनधिकृत असणं आम्हां मुंबईकरांना काही नवं नाही.

पर्सी बारा वर्षांचा. शाळा सारख्या बदलाव्या लागणारा, एका जागी न बसणारा. पुस्तक उघडलं की याची अक्षरं नाचू लागतात, कारण डोकं मुळी प्राचीन ग्रीकसाठीच घडलेलं! अशाच अडचणी असलेल्या स्वतःच्या मुलाला झोपताना सांगायला रायोर्डननी ही गोष्ट रचली.

आमच्या नातवाचीही अक्षरं नाचतात. सहावीत असताना त्याने आपणहून संपवलेलं हे पहिलं पुस्तक. तीन महिने लागले. शेवटचं पान मिटल्यावर त्याने पेढे मागितले आणि आम्ही ते आणलेसुद्धा.

मग मोठ्या कौतुकाने २०१० चा सिनेमा लावला. नायक लोगन लर्मन, तेव्हा सतरा-अठराचा. नातवाने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, हा तर दादा आहे!" शेवटपर्यंत बसला बिचारा. पेढे मात्र मागितले नाहीत.

"चार-पाच वर्षांनी असं काय बिघडतं?" मेहुणे म्हणाले. सगळं बिघडतं! बाराव्या वर्षी शाळेला नकोसं झालेलं पोर जगात एकटं असतं. देखण्या तरुणाला शाळेने काढलं, तर त्याला हिरो म्हणतात. अक्षरं सिनेमातही नाचतात, नाही असं नाही. पण ती दादाची नाचतात. शिवाय पाचही पुस्तकांचं घड्याळ पर्सीच्या वयावर चालतं. सोळावं लागलं की ऑलिंपसचा फैसला, अशी भविष्यवाणी. सिनेमाचा नायक तर आधीच तिथे पोचलेला! म्हणून २०१३ च्या दुसऱ्या सिनेमात ती विसाव्या वर्षावर ढकलली. नवरदेव घाईने आदल्या दिवशीच येऊन बसला, म्हणून मुहूर्त बदलावा तसं.

काटछाटीला माझी ना नाही. नॅशव्हिलमध्ये पुस्तकात नसलेला राक्षस घुसवलाय, तोही मी गोड मानून घेतला. पण वय वाढवू नका, मूळ वाचक दुरावेल, असं लेखकाने सिनेमा तयार होण्यापूर्वीच निर्मात्यांना पत्राने कळवलं होतं. तीही पत्रं त्यांनी पुढे प्रसिद्ध केली. आणि दिग्दर्शक कोण? ख्रिस कोलंबस! ज्यांनी २००१ च्या पहिल्या हॅरी पॉटरसाठी अकरा वर्षांच्या हॅरीला अकराच वर्षांचं पोर निवडलं, तेच. न कळणाऱ्याची चूक पोटात घालता येते. कळणाऱ्याची कुठे घालायची? करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पाच पुस्तकांपैकी दोनांचेच सिनेमे झाले आणि दुकान बंद.

डिसेंबर २०२३ मध्ये याच पुस्तकाची मालिका आली. रायोर्डन स्वतः तिच्या कर्त्यांत होते आणि पर्सी पुन्हा बारा वर्षांचा. आम्ही ती लावली तेव्हा नातवाला मिसरूड फुटू लागलं होतं. बराच वेळ तो गप्प बसून पाहत होता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, हा मी होतो."

मेहुण्यांना मी एवढंच सांगितलं, की माध्यम तर तेही वेगळंच होतं. त्यांनी गार चहा एका घोटात संपवला.