चित्राचा आवाज ऐकलात का?

प्रदर्शनात देवादिकांची, फुलापानांची चित्रं असली की आपण रमतो. पण नुसते गोल, पट्टे नि रेघा दिसल्या, की "आपल्याला बाई यातलं काही कळत नाही" म्हणून पाय उचलतो. अशा वेळी "हे आहे तरी काय?" असं न विचारता "याचा आवाज कसा असेल?" असं विचारून पाहा बरं!

कल्पना काही नवी नाही. वासिली कांदिन्स्की या रशियन चित्रकाराला मॉस्कोत वाग्नरचं संगीत ऐकताना डोळ्यांपुढे रंग दिसले होते. त्याच्या लेखी पिवळा म्हणजे तुतारी, फिकट निळा म्हणजे बासरी, गडद निळा म्हणजे चेलो, आणि हिरवा म्हणजे व्हायोलिनचे शांत, मधले सूर. १९११ साली म्यूनिकला शोनबर्गचं संगीत ऐकून आल्यावर त्यानं जे चित्र काढलं, त्यात पिवळ्या रंगाचा नुसता लोट उसळलेला आहे!

आता संग्रहालयं हा अनुभव पाहणाऱ्याच्या हाती देऊ लागली आहेत. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं २०२१ साली गूगलच्या मदतीनं त्याचं 'पिवळा-लाल-निळा' हे १९२५ सालचं चित्र 'वाजतं' केलं. पडद्यावरच्या रंगाला, आकाराला बोट लावलं की सूर उमटतो. लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये २०१५ साली याच्याही पुढची गंमत होती. जॉन लॅथमचं 'फुल स्टॉप' म्हणजे एक भलामोठा काळा ठिपका. तो पाहताना आवाज तर ऐकू येईच, शिवाय ध्वनिलहरींमुळे हवेतच तळहाताला स्पर्श जाणवे.

मात्र एक लक्षात ठेवा. तिथले सूर दुसऱ्या कुणीतरी योजलेले असतात. म्हणून आधी मिनिटभर चित्राकडे मुकाट्यानं पाहा. गलका वाटतो की कुजबुज? लय धावती की संथ? मग आवाज ऐका. तुमचा नि त्यांचा सूर जुळला नाही, तर तुमचं चुकलं असं मुळीच नाही. नुसत्या आवाजावरून फोडणी झाली की नाही हे ओळखणारे कान आहेत आपले. त्यांच्यावर भरवसा ठेवा की!

यासाठी पॅरिसला जायलाच हवं असं नाही. सुटीच्या दिवशी एखादं शब्दांवाचूनचं वादन लावा. मुलांना खडू द्या, एक कागद स्वतःही घ्या. वस्तू काढायची नाही, फक्त ऐकू येईल तसा रंग नि रेघ. प्रत्येकाचा कागद वेगळा निघेल. कुणाचा बरोबर, हे मात्र ठरवत बसू नका!