राणीचे आचारी आणि पॅरिसचे न्योकी

१/ फ्रेंच पाककलेचा विषय निघाला की एक कथा हमखास येते: १५३३ साली फ्लोरेन्सची कॅथरीन दे मेदिची फ्रान्सची सून झाली आणि तिच्या आचाऱ्यांनी फ्रेंचांना स्वयंपाक शिकवला. ही कथा इतिहास म्हणून सांगणे आता थांबवावे, असे माझे मत आहे.

२/ तिला समकालीन आधार नाही. ती रुजली अठराव्या शतकात, म्हणजे राणीनंतर दीड-दोनशे वर्षांनी.

३/ त्यापेक्षा पदार्थालाच विचारावे. इटलीचे न्योकी आज बहुधा बटाट्याचे असतात. पॅरिसच्या न्योकीत बटाटा नसतो. २४० मिली पाणी, ८५ ग्रॅम लोणी व मीठ उकळून त्यात १२५ ग्रॅम मैदा एकदम घालावा आणि मोदकाच्या उकडीसारखा घोटावा. किंचित निवल्यावर ३ अंडी एकेक करून मिसळावीत. मग किसलेले चीज.

४/ पीठ पिशवीत भरून मंद उकळत्या पाण्यात पेराएवढे तुकडे कापत सोडावेत. तरंगले की निथळून, व्हाइट सॉस व चीज घालून ओव्हनमध्ये खरपूस करावेत.

५/ चीज न घालता हेच पीठ भाजले की एक्लेअर होते. नाव इटलीचे, हात मात्र फ्रेंच मिठाईवाल्याचा!

६/ दंतकथा सारे श्रेय एका राणीला देते आणि पिढ्यान्‌पिढ्या पीठ घोटणारे अनाम हात पुसून टाकते. सांबाराचे नाव संभाजीराजांशी जोडणारी कथा ऐकतानाही हाच प्रश्न विचारावा: पुरावा कोणत्या काळचा?