एका लॅब्रॅडोरची सोयरीक

परभणीत माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक ऊन आणि दुसरा सल्ला. तिसरी एक गोष्ट फुकट मिळवायला मी गेलो आणि तिथे माझी अशी काही उलटतपासणी झाली, की चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एकाही ऑडिटला न घाबरलेला मी पंचाने घाम पुसत बसलो. ही तिसरी गोष्ट म्हणजे कुत्रं. तेही साधंसुधं नव्हे, लॅब्रॅडोर.

झालं असं, की मी रिटायर झालो. रिटायर झालेला नवरा दिवसभर घरात दिसायला लागला, की बायकोला काहीतरी इलाज करावाच लागतो. आमच्या सौ.नी योगासनांपासून हरिपाठापर्यंत सगळं करून पाहिलं. शेवटी पुण्यातल्या चिरंजीवांनी फोनवरून निदान केलं, "बाबांना एक कुत्रा आणून देऊ. त्यांना ओरडायला कुणीतरी मिळेल आणि आई सुटेल." त्याच्या माहितीतली काही पोरंपोरी म्हणे लोकांनी टाकून दिलेली कुत्री उचलून आणतात, औषधपाणी करतात आणि घर बघून देतात. पैसा घेत नाहीत. "कसलं पाहिजे?" त्याने विचारलं. मी ताबडतोब म्हणालो, "लॅब्रॅडोर."

लॅब्रॅडोरच का? याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत. रात्री साडेबाराच्या गाडीने आलो तर चौकातून घरापर्यंत सोडायला येतात. पण कुत्रं पाळायचं म्हटल्यावर त्यातलं एकही मला आठवलं नाही. शेजारच्या लातूर भागातला पश्मी, इंग्रजी पुस्तकातला कारवान हाउंड, सशामागे बाणासारखा सुटतो आणि आपलं ऊन मुकाट्याने सोसतो. तोही आठवला नाही. हयातभर मी जातिभेदाविरुद्धच्या भाषणांना टाळ्या वाजवल्या, मुलाच्या आंतरजातीय लग्नात स्वतः पंगतीत वाढलं, आणि कुत्र्याचा विषय निघताच तोंडातून पहिला शब्द पडला तो जातीचा!

आठ दिवसांनी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. वय फार तर तेवीस-चोवीस असेल. त्याआधी तिचा फॉर्म येऊन पडला होताच. प्रश्न अठ्ठावीस. घर स्वतःचं की भाड्याचं? फाटक किती उंच? रात्री कुठे झोपवणार? साखळीला बांधणार का? घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? हा शेवटचा प्रश्न तिने फोनवर पुन्हा विचारला आणि म्हणाली, "काकूंना देता का जरा?" काकूंना दिला. दोघी अर्धा तास बोलल्या. माझ्या तापटपणाचा विषय निघाला असावा, कारण फोन परत माझ्याकडे आला तेव्हा पोरीचा आवाज बदललेला होता.

"काका, तुम्ही दोघं गावाला गेलात तर तिच्याकडे कोण बघणार?"

"बघेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव सांगा."

माझ्या मुलीची सोयरीक जमवताना मी पोराचा पगार विचारला होता आणि उरलेलं पत्रिकेवर सोडलं होतं. इथे ही पोरगी मला कुत्र्यासाठी जामीनदार मागत होती.

"परभणीत उन्हाळ्यात किती तापतं?"

"बेचाळीस. चव्वेचाळीससुद्धा." हे मी थोड्या अभिमानाने सांगितलं. आम्हाला अभिमानाच्या जागा कमी.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मला लॅब्रॅडोरची कुळकथा सांगितली. हा प्राणी मुळात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तिथल्या कोळ्यांच्या हाताखाली बर्फगार समुद्रात उड्या मारायच्या, जाळी ओढायची, निसटलेले मासे धरून आणायचे, ही याच्या पूर्वजांची नोकरी. म्हणून अंगावर केसांचे दोन थर आणि पायाच्या बोटांत बदकासारखा पडदा. "काका, हे तुम्ही परभणीत आणणार आहात. कूलर आहे ना?"

"आहे."

"कुणाच्या खोलीत?"

मी फोन ठेवला आणि मुलाला लावला. घोड्यापेक्षा नाल महाग, हे कुत्रं नको आणि हा इन्कम टॅक्सही नको, असं ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मग राहू द्या." झालं! आता माघार घेणं कठीण. पुढच्या रविवारी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एक पोरगा घर बघायला आला. त्याने चहा घेतला, फाटकाखालच्या फटीत आपला हात घालून बघितला आणि म्हणाला, "काका, इथून निघून जातंय बघा." मी जाळी मारून घेतली. मग कुठे पुण्याहून होकार आला. सौ.नी देवापुढे साखर ठेवली.

ती आली तीन गाड्या बदलून. पुण्याहून अहिल्यानगर एकाच्या गाडीत, तिथून छत्रपती संभाजीनगर दुसऱ्याच्या आणि तिथून परभणी तिसऱ्याच्या. शेवटच्याला मी पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो, तर त्याने ताक मागितलं.

माझ्या डोळ्यांपुढे जाहिरातीतलं गुबगुबीत पिल्लू होतं. गाडीतून उतरली ती सहा वर्षांची, रंग उडालेली, पोटाची सडं लोंबणारी एक थकलेली बाई. कोपरांना घट्टे होते. सहा वर्षं कुठल्याशा शेडमध्ये फरशीवर बसून तिने पिल्लं दिली. ती विकली गेली. पिल्लं होईनाशी झाली तशी तिला हमरस्त्यावर सोडून दिलं. कागदावर तिचं नाव प्रिन्सेस होतं. परभणीत फाटकात उभं राहून "प्रिन्सेस" अशी हाक मारण्याचं धाडस माझ्यात नाही. आम्ही तिला ठमी म्हणू लागलो.

ठमीला उंबरा ओलांडता येत नव्हता. घर म्हणजे काय, हे तिला माहीतच नव्हतं. पहिल्या रात्री भिंतीला पाठ लावून ती दाराकडे बघत बसली. मीही बसलो. खायला घातलं की दोन श्वासांत ताट चाटून मोकळी. लॅब्रॅडोरच्या भुकेचं एक शास्त्रही आहे. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की चारातल्या साधारण एका लॅब्रॅडोरच्या रक्तातच असा दोष असतो, की त्याला सारखी भूक लागते. पण ठमीचं खाणं निराळं होतं. कुणीतरी हिसकावून घेईल, असं खाणं होतं ते.

आणि ज्यांच्या वाडवडिलांनी समुद्रात जाळी ओढली, ती ही बया पाण्याला भ्यायची! नळाचा पाइप हातात घेतला की कोपऱ्यात जाऊन थरथरायची. ती शेड पाइपने धूत असणार, ती आत असतानाच. मे महिन्यात मी लिंबाखाली घंगाळ भरून ठेवलं. अठरा दिवस तिने त्याला लांबून प्रदक्षिणा घातल्या. एकोणिसाव्या दिवशी एक पंजा बुडवला. पुढच्या आठवड्यात अख्खी ठमी घंगाळात होती आणि सौ. दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. शेजाऱ्यांनी लगेच सुनावलं, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात तुम्ही कुत्र्याला बुडवून बसवूलालाव? कबूल. तेच पाणी संध्याकाळी लिंबाला जातं. तुमच्या मोटारी धुतलेलं कुठे जातं तेवढं सांगा.

शेजाऱ्यांचं नाव निघालंच आहे, तर आता होऊनच जाऊ द्या. आमच्या समोर एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. ठमीला बघायला सगळ्यांत आधी तेच आले.

"कितीला पडली?"

"फुकट."

"मग ओरिजनल नसंल. पिल्लं किती देती?"

"ऑपरेशन झालंय तिचं."

त्यांनी चेहरा असा केला, जसा आपण दहाव्याला करतो. "मग उपयोग काय तिचा?"

तेव्हा मी गप्प बसलो, कारण त्यांच्या पुढ्यात आमच्याच घरची बशी होती. आज लिहितो. साहेब, तुम्ही रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. तुमचा उपयोग काय, असं तुमच्या सूनबाईंनी कधी विचारलं का? हाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाने ठमीला सहा वर्षं फरशीवर बसवलं होतं. उपयोग संपला, तसं आणून सोडलं.

मोंढ्यातले एक शेटजी निराळंच म्हणाले. "ही पोरं नखरे लई करतात. फुकट देऊलालेत अन् वर चौकशा! मी नातवाला पिल्लू आणलं, दुकानदाराने एक शब्द विचारला नाही." शेटजी, तीच तर बोंब आहे! पैसे टाकले की कुणी काही विचारत नाही. घर केवढं, ऊन किती, नातू हॉस्टेलला गेल्यावर कोण फिरवणार, काही नाही. रोख देता की फोनवरून, एवढाच प्रश्न. २०१७ सालच्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करायला सांगितलंय, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी केलीय. तुम्ही नोंदणीचा कागद मागितलात का? कांद्याची पट्टी तुम्ही दोनदा तपासता! आणि पाळलेला प्राणी टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या खेपेचा दंड त्यात लिहिलाय १० ते ५० रुपये. स्टेशनावर दोन चहा घेतले तरी दहा रुपये पुरत नाहीत. कायद्यात एवढीच भीती शिल्लक असेल, तर कुणीतरी फोन करून अठ्ठावीस प्रश्न विचारायलाच पाहिजेत. माझं तर म्हणणं आहे, की ते फुकट घेणाऱ्याला कमी आणि विकत घेणाऱ्याला जास्त विचारावेत.

तिसरा आक्षेप ठरलेला. माणसं उपाशी आहेत आणि तुम्हाला कुत्र्याचे लाड सुचतात. याला उत्तर मी द्यायची गरज नाही. नर्सी, नामदेवांचं गाव, आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आमचे. कुत्र्याची जात त्यांनी विचारल्याचं कुठल्या कीर्तनात मी ऐकलं नाही. मोकाट कुत्री लेकरांना चावतात, हे दुःख खरं आहे आणि त्याची मी चेष्टा करणार नाही. पण रस्त्यावरच्या त्या गर्दीत भर कोण घालतं? हौस फिटल्यावर गाडीचं दार उघडून गावाबाहेर सोडणारेच ना?

मीही साव नाही. चौथं वर्ष चालू आहे. ठमीला जिना चढता येत नाही आणि कूलर तिच्या खोलीत आहे. त्या खोलीत मलाही झोपू देतात. गल्लीतल्या चारांपैकी कान फाटलेली तांबडी मागच्या पावसाळ्यात ठमीबरोबर आत आली, ती राहिलीच. तिच्यासाठी मला कुणी फॉर्म पाठवला नाही. तो मी आपण होऊन भरला आणि पुण्याला धाडला. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं निजामाच्या काळापासून लोक आमच्या गावाला हिणवतात. या दोघींपैकी एकीचीही त्याबद्दल तक्रार नाही.

परवा तहसीलदारसाहेब पुन्हा आले. नातवाचा वाढदिवस आहे, त्याला हस्की पाहिजे. सायबेरियातला, निळ्या डोळ्यांचा. कुठे मिळेल? मी आत जाऊन जपून ठेवलेला फॉर्म आणला, सौ.नी चहा ठेवला. साहेब चष्मा लावून वाचत बसले. पहिले पाच प्रश्न त्यांनी झपाट्याने उरकले. सहाव्याशी थांबले. ठमी त्यांच्या बशीतल्या बिस्किटावर नजर ठेवून बसली होती.

"हे काय, 'तुम्ही गावाला गेलात तर कोण बघणार'? बघंल की कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण?" मी म्हणालो. "नाव सांगा."

साहेबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. आज आठवा दिवस. बिस्किट मात्र ठमीने त्याच दिवशी उचललं.