कोणी छापले आणि कोणी ऐकले?

मराठीच्या विभागांत एक प्रश्न फार सहजपणे विचारला जातो. एखादा विद्यार्थी आपले लेखन दाखवायला आला, की ते हातात घेण्याआधीच आपण विचारतो, ‘कुठे छापून आले आहे का?’ प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्यात एक गृहीतक दडलेले असते. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी तिसरा उभा असल्याखेरीज, आणि त्या तिसऱ्याने मान डोलावल्याखेरीज, लेखनाला साहित्याचा दर्जा नाही, असे ते गृहीतक. स्वतः लिहून स्वतःच प्रसिद्ध केलेल्या मजकुराला ‘हौशी’ ठरवून बाजूला सारण्याची आपली सवय त्यातूनच आलेली आहे. आम्हांला हे गृहीतक मान्य नाही. मराठी गद्याचा इतिहासही त्याला दुजोरा देत नाही.

ज्या निबंधापासून आपण आधुनिक गद्य शिकवू लागतो, त्याचीच कुळकथा पाहू. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. सुमारे सात वर्षांत मालेचे ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ सर्वच्या सर्व त्यांनी एकहाती लिहिले. लेखक तेच, संपादकही तेच. हे ८४ अंक काखोटीला मारून विष्णुशास्त्री आज एखाद्या निवड समितीपुढे बसले, तर ‘या लेखांचे परीक्षण कोणी केले?’ या पहिल्याच प्रश्नाला त्यांची गाडी अडेल. पण वाचकाने त्यांना अडवले नाही. एकच माणूस महिन्यामागून महिना त्याच वाचकाशी बोलत राहिला, आणि त्या सातत्यातून एक वाचकवर्ग घडला. मालेतील ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध सरकारने १९१० मध्ये जप्त केला. ती बंदी १९३७ मध्ये उठली. लेखक जाऊन २८ वर्षे लोटल्यावरही ज्या लेखाची सरकारला धास्ती वाटते, त्याचे वाचकांशी नाते जडलेले नव्हते असे कोण म्हणेल?

येथे प्रतिपक्षाचा आक्षेप आम्ही आधीच मांडतो, कारण तो खरा आहे. मधला माणूस नसला म्हणजे लेखकाला आवरणारेही कोणी नसते. याच मालेत विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुले यांची आणि त्यांच्या भाषेची जी टवाळी केली, ती आज वाचवत नाही. तेव्हा आक्षेपक विचारतील, की एखादा जाणता संपादक तेथे असता, तर हे टळले नसते काय?

या प्रश्नाचे उत्तर जोतीरावांच्याच चरित्रात आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक १८८३ मधले. त्याचे आरंभीचे भाग ‘दीनबंधू’त आले आणि पुढचे छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नकार दिला. लोखंडे कोणी परके नव्हते. सत्यशोधक चळवळीतलेच होते आणि पुढे गिरणी कामगारांचे नेते म्हणून त्यांचे नाव झाले. म्हणजे मधला माणूस होता, जाणता होता, आपलाही होता; आणि त्याने अडवले ते नेमके काय, तर ‘असूड’! विष्णुशास्त्र्यांची टवाळी बिनधोक छापली गेली आणि शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा अडली. मधला माणूस लेखकाच्या अविवेकाला आवर घालतो, असे आपण मानून चालतो. पुष्कळदा तो अडवतो ते लेखकाचे धाडस.

मग जोतीरावांनी काय केले? त्यांनी हे लेखन जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांना वाचून दाखवले, मुंबई-ठाण्यातही दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून लेखकच पोथी घेऊन त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला. लेखक आणि वाचक यांचे नाते म्हणतात ते हे. आपण कोणासाठी लिहितो हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला तिसऱ्याच्या दाराशी ताटकळत बसण्याचे कारण उरत नाही.

आम्ही संपादकांचे वैरी नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर जी मेहनत घेतली, तिचे ऋण मराठी कथा नाकारू शकत नाही. चांगला संपादक हा लेखकाचा पहिला वाचक असतो. अडचण उद्भवते ती पहिला वाचक हाच एकमेव निवाडा करणारा होऊन बसतो तेव्हा. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, त्यामागचा संताप हाच होता. त्या सुमारास निघालेली अनियतकालिके पदरचे पैसे घालून, हाताला येईल त्या कागदावर काढलेली होती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. आज अभ्यासक्रमात आपण दोन्ही प्रवाह शिकवतो, आणि तरीही वर्गाबाहेर आलो, की विद्यार्थ्याला तोच जुना प्रश्न विचारतो!

पण स्वतःचे लेखन स्वतः प्रसिद्ध करणाऱ्यांनी एवढ्याने हुरळून जाऊ नये. कोणी अडवले नाही म्हणजे कोणी ऐकले, असे होत नाही. दहा स्नेह्यांनी ‘छान’ म्हटले, की वाचक लाभला असे समजणारा लेखक आपलीच आरती ओवाळून घेत असतो. चिपळूणकरांनी वाचकाला सातत्य दिले. जोतीराव त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. यांपैकी काहीही न करता स्वातंत्र्याचा टेंभा मिरवणे हाही एक आळसच आहे. मधला माणूस काढून टाकला, की त्याची जबाबदारी लेखकाच्या खांद्यावर येते. आपले वाक्य आपणच खोडायचे, आणि कोणी प्रतिवाद केला तर आपणच समोर उभे राहायचे.

शेवटी एका पुस्तकाची आठवण देतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुस्तकावर टीकेचे मोहोळ उठले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पण १८८५ मध्ये जोतीरावांनी ‘सत्सार’ नावाची छोटी पुस्तिका काढली आणि तिच्या दुसऱ्या अंकात ते ताराबाईंच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. एकीने स्वतःच्या हिमतीवर लिहिले, दुसऱ्याने स्वतःच्या हिमतीवर उत्तर दिले. पुढे १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले, आणि आज ते आपल्या वर्गांत शिकवले जाते. त्या ५०० प्रतींमधली एक प्रत योग्य हाती पडली, म्हणून हे घडले.

तेव्हा अध्यापक मित्रहो, पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी आपली वही घेऊन दाराशी आली, तर कुठे छापून आले हे मागाहून विचारा. आधी खुर्ची द्या, वही उघडा आणि वाचा. तिचा पहिला वाचक होण्याची संधी कदाचित तुमच्यासमोर उभी असेल.