जळजळीवरून आजार मोजू नका

बीड जिल्ह्यातल्या पाली, मांजरसुंबा आणि बिंदुसरा नदीच्या काठावरच्या सगळ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, दुकानातून सोड्याची पुडी आणतो आणि कामाला लागतो. जळजळ जास्त तर आजार मोठा, जळजळ कमी तर आजार बारीक, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही.

अन्ननलिकेच्या अस्तरात वेदना जाणणारे बारीक मज्जातंतू असतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांच्या अस्तराचे नमुने तपासले. ज्यांना जळजळ होते पण घशातून दुर्बीण घालून तपासलं तर जखम दिसत नाही, त्यांचे हे तंतू अगदी वरच्या थराशी आलेले आढळले. थोडं आम्ल लागलं तरी ते चेततात, मिरचीच्या तिखटानंही चेततात. उलट काहींचं अस्तर वर्षानुवर्षांच्या आम्लानं बदलून जातं. डॉक्टर त्याला ‘बॅरेट’ म्हणतात. त्यांच्यात हे तंतू खोल असतात, म्हणून जळजळ कमी जाणवू शकते. आणि पुढे कर्करोगाचा धोका, थोडा का होईना, त्यांनाच जास्त.

म्हणून घरातल्या सुनेची दुर्बिणीची तपासणी साफ आली तर ‘हिला काही झालेलं नाही’ म्हणू नका. तिचं दुखणं खरं आहे. काळजीनं आणि जागरणानं ते आणखी वाढतं. आणि तंबाखू खाणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची जुनी जळजळ आपोआप थांबली, तर निर्धास्त राहू नका, एकदा दाखवून घ्या.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. पित्ताची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर बहुधा ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते; जेवणानंतर घेतली तर तिचा गुण कमी येतो. ऊसतोडीला गेल्यावर अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी, मनानं रोज खाऊ नका. त्यांनी पोटात व्रण होतात.

घास अडकतोय, वजन उतरतंय, शौच डांबरासारखं काळं होतंय, उलटीत रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर पुड्या बंद करा आणि बीडचं जिल्हा रुग्णालय नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. छाती दाबल्यासारखी दुखून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ते पित्त समजून बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.