कांदा, हिरवी मिरची आणि चीज बेतानं

परवा आमच्या भिशीत एकीच्या कॉलेजातल्या लेकीनं सहज विचारलं, "काकू, तुम्हाला कोणता पिझ्झा आवडतो?" बाराजणी बसलो होतो. लगेच उत्तरं सुरू झाली. "आमच्या सोनूला पनीरचाच लागतो." "ह्यांना तर पिझ्झा चालतच नाही बाई." "सूनबाई ते चीज बर्स्ट का काय मागवते." पोरगी हुशार. म्हणाली, "त्यांचं नाही, तुमचं विचारलं." मग मात्र सगळ्या गप्प.

मैत्रिणींनो, प्रश्न पिझ्झ्याचा होता म्हणून हसण्यावारी गेला. पण घरातल्या प्रत्येकाच्या चहात साखर किती, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं आणि स्वतःला काय आवडतं ते आठवावं लागतं. माझंही तेच होतं. मला माझा पिझ्झा सापडायला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

पहिला पिझ्झा खाल्ला तो लातूरला. मुलाच्या अकरावी-बारावीसाठी खोली करून राहिले होते. लातूर पॅटर्नच्या पायी अशी दोन-दोन वर्षं खोलीत काढलेल्या आया अहमदपुरात गल्लोगल्ली सापडतील. परीक्षा झाली की पोरांना बक्षीस म्हणून पिझ्झा. आम्ही आया सोबत. मागवायचं पोरांनी, पैसे द्यायचे आम्ही. जाड पोळीसारखा तो पिझ्झा, वर गोड मक्याचे दाणे आणि तोंडापासून ताटलीपर्यंत लोंबणारं चीज. मला तो गोडसर आणि तेलकट लागला, पण "छान आहे" म्हणाले. पुढे दोन वर्षं माझ्या वाट्याला पोरानं टाकलेल्या कडा आल्या. घरी शेवटची मोडकी भाकरी कोण खातं? तसंच ते.

मुलगा पुढं शिकायला गेला, मी अहमदपूरला परतले. तोवर आपल्या गावातही कॉलेजच्या रस्त्याला पिझ्झा-बर्गरची छोटी दुकानं निघाली होती. त्यातलं एक नवरा-बायको मिळून चालवतात. कणीक ती मळते, भट्टी तो बघतो. कणीक म्हणजे मैदाच, पण सकाळी यीस्ट घालून भिजवलेला, पाकिटातला तयार बेस नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं विचारलं, "काकू, कसा करू?" मी सवयीनं म्हणाले, "कसा पण कर." ती म्हणाली, "तसं नाही, तिखट खायलाव का फिकं?"

मग मी सांगत गेले. पोळी पातळ लाट. कांदा भरपूर, हिरवी मिरची उभी चिरून. मका नको. चीज बेतानं. आणि खालून काळे ठिपके येईपर्यंत भाज, आपण भाकरी भाजतो तसा. आला तो माझा पिझ्झा. एकटीनं अख्खा खाल्ला, कडांसकट.

खरं तर त्या दुकानातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पिझ्झा नाहीच. पुढची काच आणि उघडी टेबलं. आपल्या काळात बाईमाणसानं हॉटेलात बसायचं म्हणजे 'फॅमिली रूम', तीही मळक्या पडद्यामागं आणि सोबत कुणीतरी पाहिजेच. एसटी स्टँडवर चहाची तल्लफ आली तरी आपण पोराला पाठवून कप गाडीत मागवायचो. आता कॉलेजच्या मुली तिथं वह्या पसरून बसतात. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसते. पहिल्या महिन्यातच कुणीतरी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं, "वहिनी भरदुपारी पिझ्झा खाताना दिसल्या." जणू मी चोरी करताना सापडले! चौकात चार वाजता रोज चहा-भजी झोडणाऱ्यांच्या घरी जाऊन कधी कुणी सांगतं का, "भाऊ भजी खाताना दिसले" म्हणून? हे बिचारे काही बोलले नाहीत. रात्री फक्त विचारलं, "चांगला असतो का तिथला?"

आता दुसरी तक्रार. "आजकालच्या बायकांना स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून हे मैद्याचं खूळ." मैदा रोज खाऊ नये हे मलाही मान्य आहे. महिन्यातून एकदा खाल्ल्यानं कुणाची चूल विझत नाही. आणि हे श्रीमंती थेर म्हणावेत, तर पिझ्झा मुळात इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गोरगरिबांचं खाणं. हातावर घ्यायचा आणि उभ्या उभ्या खायचा, आपल्या भाकरी-ठेच्यासारखा. तिथल्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्याही वर उष्णता असते, दीड मिनिटाच्या आत पिझ्झा तयार. टोमॅटो तर त्यांचाही नाही आणि आपलाही नाही, दोघांकडे तो अमेरिकेतून आला. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, मिरचीसारखाच.

तक्रार करायचीच तर चीजबद्दल करा. पिझ्झ्यावर घालतात ते मोझरेला. इटलीत नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. आपल्याकडे मराठवाडी नावाची म्हशीची स्वतंत्र जात आहे, हे मी मुद्दाम सांगते. पण स्वस्त पिझ्झ्यावर पुष्कळदा चीज नसतंच. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल, बहुतेक पाम तेल, वापरून केलेला चीजसारखा पदार्थ असतो. त्याला ॲनालॉग म्हणतात. तो विकायला बंदी नाही, पण पाकिटावर तसं लिहायला लागतं. वितळल्यावर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मी गल्ल्यावर सरळ म्हणते, "पाकीट दाखवा." भाजी घेताना भेंडी मोडून बघतो, मग इथं लाजायचं कशाला?

आमच्या सासूबाईंची शंका वेगळी होती. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की चीज करताना वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात. परदेशातल्या काही चीजमध्ये ते रेनेट खरंच असतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते शाकाहारी. ठिपका दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून खात्री केली आणि मग अर्धा खाल्ला.

मोठ्या कंपन्यांचे पिझ्झे १९९६ साली भारतात आले, डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत. लातूर-नांदेडला ती चव पोचायला पुढं बरीच वर्षं लागली. अशा दुकानांचं एक मानलं पाहिजे. चव दरवेळी तीच आणि बाथरूम बहुधा स्वच्छ. बाजाराला गेलेल्या बाईला बाथरूमचं मोल विचारा! मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमची दोन-तीनजणींची लातूरची चक्कर वाढली आहे, हे कबूल. पण तिथून पार्सल आणायच्या फंदात पडू नका. चाकूर येईपर्यंत तो गार होतो आणि शिरूर ताजबंदला चिवट.

एक मत मात्र मी कुणाच्याही भिडेखातर बदलणार नाही. ज्वारीच्या भाकरीवर चीज पसरून 'हेल्दी पिझ्झा' म्हणून वाढणाऱ्या मैत्रिणींनो, माफ करा. भाकरी बिघडते आणि पिझ्झाही होत नाही. धपाट्याला धपाटं राहू द्या, दह्याबरोबर खाऊ द्या. घरीच पिझ्झा करायचा तर बेकरीतला बेस आणा आणि जाड तव्यावर एक बाजू आधी भाजून घ्या. मग उलटा आणि भाजलेल्या बाजूवर टोमॅटो-लसणाची घट्ट चटणी पसरा. चटणीत गुळाचा खडा, नाहीतर आंबट होते. वर कांदा, मिरची, चीज. झाकण ठेवून अगदी मंद आंच. ओव्हन नाही म्हणून अडत नाही.

तर, त्या पोरीच्या प्रश्नामुळं या महिन्याची भिशी आम्ही त्या नवरा-बायकोच्या दुकानातच केली. अट एकच, ज्याची त्यानं आपापली ऑर्डर सांगायची, घरच्यांची आवड सांगायची नाही. मालकीणबाई वही घेऊन उभी. कुणाला लसूण पाहिजे पण कांदा नको, कुणाला मिरची डबल, कुणाला चीजच नको. अकराजणींचं झालं. बाराव्या आमच्या मावशी, सत्तरीच्या. म्हणाल्या, "मला काहीही चालंल."

"मावशी, काहीही नावाचा पिझ्झा नसतो," ती म्हणाली.

मावशींनी भिंतीवरच्या फोटोंकडं बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "केकवर असतंय तसलं अननस टाकता येतंय का?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, हसू नका, १९६२ साली कॅनडातल्या एका हॉटेलवाल्यानं पहिल्यांदा पिझ्झ्यावर अननस घातलं आणि त्यावरून जग अजून भांडतंय. मालकीणबाईनं शेजारच्या बेकरीतून अननसाचा डबा मागवला. मावशींनी वर तिखट भुरभुरून घेतलं आणि आम्हाला कुणाला एक तुकडाही दिला नाही.